कायदेशीर गर्भपात: आठवडे मोजण्यापासून हायकोर्टापर्यंत

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कागदावर लिहून ठेवा. किती डॉक्टरांची सही लागेल, कुठलं हॉस्पिटल चालेल, कोर्टाची पायरी चढावी लागेल का, हे सगळं त्या एका तारखेवरून ठरतं. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्याला दवाखान्यात सगळे एमटीपी ॲक्ट म्हणतात, आठवड्यांत बोलतो. घरात मात्र बोलणं महिन्यांत चालतं, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. 'पाचवा महिना लागलाय' म्हणजे १८ आठवडेही असू शकतात आणि २१ सुद्धा. कायद्याच्या लेखी या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोजणी संबंध आला त्या दिवसापासून होत नाही, पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. त्यामुळे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे उलटून गेलेले असतात. समजा पाळी १ जानेवारीला आली होती. लीप वर्ष नसेल तर ५ मार्चला ९ आठवडे पूर्ण होतात, २१ मेला २० आणि १८ जूनला २४. या तीन तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

पाळी अनियमित असेल, किंवा बाळ अंगावर पीत असल्यामुळे पाळी आलेलीच नसेल, तर सोनोग्राफीशिवाय इलाज नाही. ती जितकी लवकर होईल तितकी अचूक. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या लांबीवरून काढलेलं वय पाच-सात दिवसांनी इकडेतिकडे होतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात हाच फरक दोन आठवड्यांपर्यंत जातो, आणि मर्यादेच्या काठावर असलेल्या बाईला तो भारी पडतो. दोन रिपोर्टांत वेगळे आठवडे आले तर आधीचा रिपोर्ट धरला जावा, असं डॉक्टरांना सांगा. वैद्यकीय रीतही तीच आहे.

हक्क कुणाचा, सही कुणाची

अमेरिकेतल्या बातम्या वाचून अनेकांचा गैरसमज होतो. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालानंतर गर्भपाताचा कायदा राज्याराज्यावर गेला. आपल्याकडे कायदा केंद्राचा आणि सगळ्या देशाला एकच आहे. भारतातला वाद दुसऱ्याच जागी आहे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा ठरवला. तो गुन्हा आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे आणि त्यात स्वतः बाईलाही शिक्षा होऊ शकते. १९७१ च्या कायद्याने त्या गुन्ह्याला एक दार ठेवलं: ठरलेल्या अटींत नोंदणीकृत डॉक्टरने गर्भपात केला तर गुन्हा नाही. म्हणजे बाईला थेट हक्क दिला नाही, डॉक्टरला संरक्षण दिलं. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात बसवला, पण दाराची किल्ली अजून डॉक्टरच्या हातात आहे.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेवा. डॉक्टरला सही करण्यासाठी कायद्यातलं जे कारण हवं आहे, ते त्याच्यासमोर त्याच शब्दांत आणि कागदासकट ठेवा. नकार बहुतेक वेळा भीतीतून येतो, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही.

२० आठवड्यांपर्यंत

एका डॉक्टरचं मत पुरतं. कारणं दोन: गर्भ ठेवल्याने बाईच्या जिवाला धोका किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर इजा, नाहीतर बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता. 'मानसिक आरोग्य' हा शब्द नीट लक्षात ठेवा. गर्भनिरोधक फसल्याने राहिलेला गर्भ आणि बलात्कारातून राहिलेला गर्भ, या दोन्हींत होणारा मनस्ताप ही गंभीर मानसिक इजा आहे असं कायदाच धरून चालतो, वेगळा पुरावा मागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे घातले. तेव्हा 'निरोध फाटला' किंवा 'गोळ्या चुकल्या' एवढं सांगणं पुरे आहे, लग्न झालेलं असो वा नसो. शिवाय कलम ३(३) प्रमाणे बाईची सध्याची आणि पुढे दिसणारी परिस्थितीही डॉक्टर विचारात घेऊ शकतो: पैसे नाहीत, आधीचं मूल लहान आहे, घरात मारहाण आहे. हे तोंडी न सांगता केसपेपरवर लिहून घ्या.

९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ओळखीच्या दुकानातून ती आणली जातात. धोका फक्त कायद्याचा नाही. गर्भ पिशवीत न राहता नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जीव जातो. म्हणून आधी गर्भ कुठे आहे हे पाहून घ्या. गोळ्यांनंतर ओळीने दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप दिवसभर उतरत नसेल, किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखत असेल, तर जवळच्या हॉस्पिटलात जा. गोळ्या कुठून आणल्या यावर उपचार अडवता येत नाहीत.

१२ आठवड्यांच्या आत प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर चालतो, पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो. वैद्य किंवा होमिओपॅथ कितीही भरवशाचे असले तरी या कायद्यात बसत नाहीत. जागा सरकारी हॉस्पिटल किंवा मान्यताप्राप्त खासगी केंद्र. खासगी ठिकाणी मान्यतेचं प्रमाणपत्र दिसेल असं भिंतीवर लावणं बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर विचारा, आणि ते किती आठवड्यांपर्यंतचं आहे तेही वाचा. बारा आठवड्यांपुरती मान्यता असलेल्या ठिकाणी सोळाव्या आठवड्यात दाखल झालात तर ऐनवेळी परत पाठवतात आणि आठवडा फुकट जातो.

२० ते २४ आठवडे

इथे दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि २०२१ च्या नियम ३बी मधल्या गटांपैकी एकात बसावं लागतं: बलात्कार, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या नात्यातला अत्याचार, १८ वर्षांखालील मुलगी, गर्भारपणातच वैवाहिक स्थिती बदललेली बाई, म्हणजे वैधव्य किंवा घटस्फोट, मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार किंवा मतिमंदत्व, बाळातलं गंभीर व्यंग, आणि सरकारने जाहीर केलेली आपत्ती किंवा आणीबाणीची परिस्थिती. गर्भनिरोधक फसल्याचं कारण २० आठवड्यांनंतर चालत नाही. हे माहीत नसल्याने 'अजून चोवीसपर्यंत वेळ आहे' म्हणत लोक थांबतात आणि अडकतात.

या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा बदल नियमात छापलेला नाही. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाच्या निकालात तो केला. वैवाहिक स्थितीच्या गटात अविवाहित बाईही येते. नवऱ्याने केलेला बलात्कार फौजदारी कायद्यात गुन्हा नसला तरी गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कारच. अत्याचाराच्या कारणासाठी एफआयआर लागत नाही, बाईचं सांगणं पुरतं. आणि डॉक्टरने कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी, लादायच्या नाहीत. या निकालाची प्रत सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. छापून फाइलमध्ये ठेवा, लागू परिच्छेदांवर पेन्सिलने खूण करा. दोनशे शब्दांच्या भाषणापेक्षा त्या खुणेचा उपयोग जास्त होतो.

व्यंगाची केस असेल तर वेळेचं गणित वेगळं. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते. तिथे शंका आली की हृदयाची इको, गर्भजलाची तपासणी, कधी एमआरआय. गर्भजलातल्या गुणसूत्रांचा संपूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्याची वाट पाहता पाहता २४ ची रेषा ओलांडली जाते. नमुना देतानाच झटपट चाचणीही मागा, ती काही दिवसांत नेहमीच्या गुणसूत्रदोषांचं उत्तर देते. सोनोग्राफीची तारीख १८ व्या आठवड्यातच घेतली तर हाताशी चार आठवडे जास्त राहतात.

सही कोण करणार, नकार कसा घ्यायचा

संमतीचा कागद म्हणजे नमुना सी. सज्ञान बाईची एकटीची सही पुरते. नवरा, सासू, वडील कुणाचीही नको, भुलीच्या संमतीलाही नको. नवऱ्याची संमती लागते का हा वाद एका नवऱ्याने सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता, २०१७ मध्ये तो तिथे हरला. 'तांबी बसवली तरच करू' ही अट कायद्यात कुठेही नाही. आधार कार्ड किंवा लग्नाचा दाखला नाही म्हणून परत पाठवणंही कायद्यात बसत नाही.

मुलगी १८ च्या आतली किंवा बाई मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पालक म्हणजे बापच असं नाही, जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे तिचा सांभाळ आहे ती व्यक्ती. मावशी, आजी चालते. सौम्य मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात बाईची स्वतःची संमती हवीच, हे २००९ च्या निकालाने ठरवलं.

अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या भीतीने अनेक दवाखाने दारच बंद करतात. २०२२ च्या निकालाने यावर वाट काढली: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. ती विनंती साध्या कागदावर लेखी करा. तक्रार करायचीच असेल तर मात्र गर्भपाताआधी पोलिसांना सांगा, कारण गर्भाचा नमुना डीएनएसाठी राखावा लागतो. तो सलाइनमध्ये, थंड ठेवतात. सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर डीएनए खराब होतो आणि पुरावा हातचा जातो.

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. पुढच्या पायरीवर विचारला जाणारा पहिला प्रश्न 'नकाराचा कागद कुठे' हाच असतो. दोन प्रतींत अर्ज द्या आणि एकीवर आवक शिक्का व तारखेसह पोच घ्या. मजकूर साधारण असा:

'प्रति, अधिष्ठाता / जिल्हा शल्यचिकित्सक. विषय: वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ च्या कलम ३ अन्वये गर्भपात करून मिळणेबाबत. माझे वय … वर्षे आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस … असून दिनांक … च्या सोनोग्राफीनुसार गर्भ … आठवडे … दिवसांचा आहे. गर्भ राहण्याचे / गर्भपाताचे कारण … हे असून गर्भ ठेवल्यास माझ्या शारीरिक व मानसिक आरोग्यास गंभीर इजा होणार आहे. नियम ३बी मधील खंड … मला लागू होतो. गर्भपातास माझी संमती आहे. निर्णय लेखी कळवावा व नकार असल्यास कारण नमूद करावे. सोबत: सोनोग्राफी अहवाल, केसपेपर.'

२० आठवड्यांच्या आत असाल तर नियम ३बीचं वाक्य गाळा. पोच द्यायला हॉस्पिटलच्या आवक-जावक विभागाने नकार दिला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. पण उत्तराची वाट दोन दिवसांपलीकडे पाहू नका, दरम्यान दुसरं हॉस्पिटल गाठा.

२४ आठवड्यांनंतर

इथे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक सरसकट तिसरीच धरतात.

बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागत असेल तर कलम ५. आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरची गरज नाही, वैद्यकीय मंडळाची किंवा कोर्टाचीही नाही. रक्तदाब फुटेल इतका चढलेला असताना 'आधी कोर्टाची ऑर्डर आणा' म्हणणारं हॉस्पिटल कायदा पाळत नसतं.

बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात. मंडळाने व्यंगाचं निदान केलं की २४ ची मर्यादा उरतच नाही, कोर्टात जायचं कारणच नाही. नियमाप्रमाणे मंडळाने अर्ज आल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचं आणि होकार असेल तर ५ दिवसांच्या आत गर्भपात करून द्यायचा. मंडळ कुठल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बसतं ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कळतं. जाताना अर्धी फाइल नेऊ नका. सोनोग्राफी, इको, जनुकतज्ज्ञाचं मत, आणि जन्मानंतर किती शस्त्रक्रिया लागतील व बाळ कितपत जगेल याबद्दल बालशल्यचिकित्सकाचं लेखी मत, हे सगळं एकत्र. 'मोठं व्यंग' म्हणजे नेमकं काय याची व्याख्या कायद्यात नाही. हृदयाचा एक दोष एका मंडळाला मोठा वाटतो, दुसऱ्याला शस्त्रक्रियेने बरा होणारा. ते शेवटचं पत्र बहुतेक वेळा पारडं झुकवतं.

व्यंग नाही, पण अत्याचारातून राहिलेला गर्भ आहे किंवा मुलगी लहान आहे, आणि २४ उलटले. किंवा मंडळाने नकार दिला. मग हायकोर्ट. कायद्याची सगळ्यात टीका झालेली जागा हीच: व्यंग असेल तर मर्यादा नाही, बलात्कार असेल तर आहे.

हायकोर्टात

घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर. कोल्हापुरात सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, नाहीतर १५१०० वर फोन करा. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चकरा मारत बसू नका.

याचिकेला नकाराचा कागद, सगळे रिपोर्ट तारखांच्या क्रमाने, तक्रार असेल तर एफआयआर, आणि बाईचं प्रतिज्ञापत्र जोडा. नावाच्या जागी 'एक्सवायझेड' लिहायची परवानगी पहिल्याच मागणीत घाला. वकिलाला सांगा की तातडीच्या सुनावणीची मागणी त्याच दिवशी कोर्टासमोर तोंडी मांडायची (मेन्शन करायची). सुट्टीतही सुट्टीचं खंडपीठ बसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरात हायकोर्टाने अशाच एका अर्जाला बारा दिवसांपुढची तारीख दिली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने शनिवारी खास बसून त्यावर नाराजी नोंदवली आणि सोमवारी परवानगी दिली. तारीख लांबली तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

कोर्ट पहिल्या सुनावणीला बहुधा मंडळाचा अहवाल मागवतं. अहवालात बाळाची तब्येत, आठवडे आणि गर्भपाताचा धोका एवढंच येतं, बाईच्या मनाबद्दल एक ओळ. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच खोडून काढलं: मंडळाने फक्त व्यंग आहे की नाही एवढं सांगून थांबायचं नाही, गर्भ ठेवल्याचा तिच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल तेही सांगायचं. तेव्हा मंडळात मानसोपचारतज्ज्ञ असावा, अशी मागणी याचिकेतच करा. त्याच प्रकरणात सुमारे तीस आठवड्यांना परवानगी मिळाली आणि नंतर आईवडिलांचं मन बदलल्यावर ती मागे घेतली गेली. घरातला निर्णय पक्का झाल्याशिवाय कोर्टात जाऊ नये, आणि मुलीचं स्वतःचं म्हणणं वेगळं नोंदवून घ्यावं.

निकाल कुठे झुकेल? बाळात व्यंग असेल तर उशिराही परवानगी मिळते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ३२ आठवडे उलटल्यावर, मंडळ विरोधात असतानाही ती दिली. निवड बाईची, मंडळाची नव्हे, असं न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पीठाने म्हटलं. बाळ निरोगी असेल तर मात्र कठीण. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या विवाहित बाईला सुप्रीम कोर्टाने आधी परवानगी दिली, मग दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि शेवटी १६ तारखेला अर्ज फेटाळला. अंगावर पाजत असताना पाळी नसल्यामुळे तिला गर्भ उशिरा कळला होता.

मागण्यांमध्ये आणखी तीन गोष्टी घाला, नाहीतर ऑर्डर हातात असून हॉस्पिटल अडवतं. गर्भपाताआधी गर्भाचं हृदय थांबवायचं की नाही हे स्पष्ट लिहून घ्या. मूल जिवंत जन्मलं तर त्याच्यावर उपचार करावेच लागतात आणि आईवडील सांभाळू शकत नसतील तर जबाबदारी सरकारची, हे मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवलं आहे, त्याचा उल्लेख करा. आणि तक्रार असेल तर डीएनए नमुना जपण्याचा आदेश मागा.

हॉस्पिटलातून निघताना

डिस्चार्ज कार्डावर गर्भपात झाल्याची तारीख बघून घ्या. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि मालक पुरावा मागतो. रजिस्टरमधली नोंद गोपनीय असते. तुमचं नाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नवऱ्याने फोन करून विचारलं तरी हॉस्पिटलने उत्तर द्यायचं नसतं. हे दाखल होतानाच काउंटरवर सांगून ठेवा, कारण फोन उचलणाऱ्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही.